कूलरच्या पत्र्यातली ऊब

मी कूलर मिस्त्री. नागपुरात मार्च ते जून एवढी ओळख पुरते. त्या चार महिन्यांत लोक मला सख्ख्या भावापेक्षा जास्त फोन करतात, पंख्याखाली खुर्ची देतात आणि मी "उद्या येतो" म्हटलं की रडवेले होतात. दिवाळी झाली की हेच लोक रस्त्यात दिसले तर मान वळवून जातात. हिवाळाभर मी अंगणात जुन्या कूलरचे पत्रे ठोकत, जळालेल्या मोटारी वाइंड करत बसतो आणि बायकोशी वाद घालतो. वाद मी एकटाच घालतो. ती ऐकून घेते आणि शेवटी "जाऊ द्या" म्हणते. सव्वीस वर्षांत माझ्या किती चुकांवर तिनं हे "जाऊ द्या" पांघरलं असेल, देव जाणे. पुढे पुढे मला त्याची इतकी सवय झाली की चूक व्हायच्या आधीच मी ते गृहीत धरायला लागलो.

तिची आई मौद्याच्या पुढे एका खेड्यात राहायची. धानाची थोडी शेती, दोन शेळ्या आणि आठ-दहा कोंबड्या. सासूच्या हाताला गुण आहे असं गावात मानत. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसली, की कोणीही उठून तिच्याखाली अंडी ठेवायची नाहीत असा तिकडचा रिवाज. हातगुणाची बाई बोलवायची. तिनं टोपलीत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरायचं, त्यात कोळशाचा तुकडा आणि लोखंडी खिळा ठेवायचा, मग एकेक अंडं हातात धरून, मनातल्या मनात काय ते म्हणून, खाली सोडायचं. सासूला आसपासच्या घरांतून असं बोलावणं यायचं आणि तिनं ठेवलेलं अंडं वाया जात नाही असं बाया सांगत. मी मनात हसायचो. कोंबडीची ऊब आणि एकवीस दिवस, यात हाताचा काय संबंध? पण सासूसमोर कधी बोललो नाही. तिच्या हातची झुणका-भाकर मला आवडायची.

मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी सासूचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकलं. कोंबडीखाली अकरा अंडी ठेवलीत, पिल्लं निघायच्या आत चार दिवस राहायला ये, असं ती लेकीला म्हणत होती. बायको घरी साड्यांना फॉल-पिको करते, लग्नसराई तोंडावर होती, खाटेवर साड्यांचा ढीग पडलेला. पुढच्या रविवारी येते, असं तिनं सांगितलं. सासू थोडा वेळ गप्प राहिली आणि बरं म्हणाली. त्या रविवारच्या दोन दिवस आधी, सकाळी अंगण झाडता झाडता ती खाली बसली आणि पुन्हा उठली नाही.

बायको रडली नाही. आम्ही पोचलो तेव्हापासून ती कामाला लागली ती तेरवीपर्यंत लागलेलीच होती. भांडी घासली, पाहुण्यांचे चहा केले, सरपण फोडलं. तिच्या वहिनीनं मला बाजूला घेऊन काळजीनं सांगितलं, बाईला एकदा रडवा, हे बरं नाही. मी काय करणार? मला मोटारीत अडकलेलं काढता येतं. बायको दिवसातून दोनदा तेवढी चुलीमागच्या कोपऱ्यात जाऊन बसायची. तिथं टोपलीत ती कोंबडी होती, आईनं बसवलेली.

तेरवीच्या आदल्या दिवशी पिल्लं निघाली. अकराच्या अकरा. बाया म्हणाल्या, म्हातारीचा हात जाताना पण खरा ठरला. बायकोनं एक पिल्लू उचलून गालाला लावलं. त्या सगळ्या दिवसांत तिचा चेहरा तेवढा एकदाच मऊ झालेला मी पाहिला.

तेरवीच्या दिवशी जेवणाऱ्यांची वर्दळ होती, मागचं दार उघडं राहिलं आणि गावातल्या एका कुत्र्यानं अंगणात आलेली कोंबडी नेली. पिल्लं चुलीमागं होती म्हणून वाचली. वहिनी म्हणाली, या थंडीत आईशिवाय ती जगत नाहीत, जीव लावू नका. बायकोनं तेलाच्या पाकिटांचं रिकामं खोकं घेतलं, तणस घातलं, पिल्लं ठेवली आणि वर आईचं जुनं लुगडं टाकलं. नागपूरपर्यंत बसमध्ये खोकं तिच्या मांडीवर होतं. मी धरतो म्हटलं तर तिनं दिलं नाही.

आता माझी पाळी होती. इतके दिवस मी नुसता खुर्च्या उचलणारा जावई होतो, आता माझ्या हातचं काम निघालं. ऊब द्यायची तर पेटी पाहिजे, आणि नागपुरात कूलर मिस्त्रीच्या अंगणात दुसरं काय असतं? मी दोन फुटी कूलरची एक रिकामी बॉडी आडवी पाडली, गंज घासला, तीन बाजूंच्या जाळ्या, जिथं उन्हाळ्यात गवताच्या ताट्या बसतात, त्या पोत्यांनी मढवल्या. खाली धानाचा कोंडा पसरला. बल्बसाठी मात्र हिंडावं लागलं. आता जो तो एलईडी देतो. तो उजेड देतो, ऊब देत नाही. शेवटी इतवारीतल्या एका जुन्या दुकानदारानं फळीवरून धूळ खात पडलेले साठ वॅटचे दोन पिवळे बल्ब काढून दिले. जन्मभर ज्या पेट्या मी थंड हवेसाठी बनवल्या त्यातली एक आता ऊब देणार, हे मी दुकानदारालाही ऐकवलं. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

इथवर ठीक होतं. पण मी मिस्त्री पडलो. बल्ब लावून पाहिलं तर बल्बाखाली कढत आणि कोपऱ्यात गार. माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसलेली आहे, पेटीतली हवा हलली पाहिजे. हवा हलली नाही तर ती पेटी कसली? म्हणून मी जुन्या कॉम्प्युटरमधला विताएवढा पंखा काढला, चार्जरला जोडला आणि बल्बाच्या वर पत्र्यात भोक पाडून बसवला. ऊब सगळीकडे सारखी जाईल. मध्ये थर्मामीटर टांगला. पस्तीसवर काटा. मी शेजाऱ्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, भाऊ, तुम्ही तर इंजिनिअर निघाले. मला ते खरंच वाटलं.

पिल्लं पेटीत सोडली तशी कोपऱ्यात गेली आणि एकमेकांवर चढायला लागली. त्यांचा आवाज बारीक आणि सारखा होता, मधे खंड नाही. बायको पोतं उचलून पाहत होती.

"अवो, थंडी वाजून राहिली त्यायले," ती म्हणाली. "रडून राहिले ते."

मी तिला थर्मामीटर दाखवला. पस्तीस. पिल्लं आईला शोधतात, म्हणून ओरडतात, दोन दिवसांत विसरतील, असं समजावलं. ती म्हणाली, आईकडे पिल्लं अशी ओरडत नव्हती. मी म्हटलं, तिकडे कोंबडी होती. ती आत गेली. तरी थोड्या वेळानं परत आली आणि पंखा काहून लावला असं विचारलं. तेव्हा मी चिडलो. तीस वर्षं हवेचंच काम केलं, आता हवा मला शिकवू नको, असं म्हणालो. ती म्हणाली, "जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पिल्लं मेलेली होती. कोपऱ्यात, बाकीच्यांच्या खाली. मी म्हटलं, प्रवासानं. संध्याकाळी आणखी एक. तिसऱ्या दिवशी तीन. प्रत्येक वेळी बायको पिल्लू उचलायची, ओंजळीत घेऊन तोंडाची वाफ द्यायची, बराच वेळ, आणि मग माझ्या हातात ठेवायची. मी अंगणातल्या लिंबाच्या झाडाखाली पुरायचो. मी बल्ब बदलून पाहिले, पोत्याचा आणखी एक थर चढवला, तांदळाच्या कणीत हळद घातली, पाणी उकळून गार करून बशीत ठेवलं. सगळं केलं. पंख्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उलट वाटलं, पंखा आहे म्हणून निदान एवढी तरी जगली आहेत.

चौथ्या दिवशी सकाळी दोन गेली. आठवं पिल्लू माझ्या हातात देताना बायको म्हणाली, "माह्या हाताले गुण नाही. आईनं ठेवले, अकरा निघाले. मी उचलले, मरून राहिले."

मी म्हटलं, असं काही नसतं वं. झाडाखाली गेलो, पुरलं, नळावर हात धुतले. पाणी बर्फासारखं होतं. हात न पुसताच पेटीकडे आलो, कारण बशी कलंडली होती ती सरळ करायची होती. पोतं सारून हात आत घातला.

आमच्या धंद्यात कूलर दुरुस्त करून झाला की गिऱ्हाइकाला खात्री पटवायची एक रीत आहे. थर्मामीटर कोणी आणत नाही. मी गिऱ्हाइकाला सांगतो, हात ओला करा आणि कूलरसमोर धरा. ओल्या हाताला जी हवा लागते तीच खरी. कोरड्या हाताला ती कळत नाही. हजारो घरांत मी हे सांगितलं असेल.

पेटीत माझा ओला हात गार पडला. मनगटापासून बोटांपर्यंत, उन्हाळ्यात नव्या ताटीसमोर धरल्यासारखा. वर थर्मामीटर पस्तीस दाखवत होता आणि खाली माझ्या हाताला काटा आला होता. पिल्लं बशीत पाय घालून ओली होत होती. अंगावर पिसं नाहीत, नुसती लव. मी चार दिवस त्यांच्यावर कूलर चालवत होतो. कूलर मिस्त्रीनं कूलरच बनवला होता, दुसरं काय? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं आज लिहिताना सुचतं. तेव्हा काही सुचलं नाही.

मी पंख्याची वायर उपटली. पंखा काढून खिशात टाकला आणि त्या भोकावर पुठ्ठा बसवला. अर्ध्या तासात उरलेली तीन पिल्लं कोपरा सोडून बल्बाखाली आली. माना लांब करून, पंख पसरून आडवी झाली. आवाज बंद झाला. चार दिवसांत पहिल्यांदा घर शांत झालं आणि त्या शांततेनंच बायको बाहेर आली.

तिनं पोतं उचलून पाहिलं. काय केलं, असं विचारलं.

सांगायची वेळ ती होती. माझ्या खिशात पंखा होता, हाताला लागत होता. मी म्हणालो, "काही नाही, बल्ब थोडा खाली घेतला."

ती म्हणाली, त्यायचं नशीब. आणि आत गेली.

का नाही सांगितलं? लाज वाटली. तीस वर्षांचा मिस्त्री, शेजाऱ्याला दाखवून झालेलं, वर तिला झिडकारलेलं. आणि दुसरं, मला वाटलं पिल्लांचं दुःख आहे, आठ दिवसांत ओसरेल. ओसरलं की सांगू, ती "जाऊ द्या" म्हणेल. आठ दिवस गेले, पंधरा गेले. मग सांगणं आणखी अवघड झालं, कारण आता आधी का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार होतं.

ओसरलं मात्र नाही. तीन पिल्लं वाढली, दोन कोंबडे आणि एक तलंग, म्हणजे तरणी कोंबडी. पण बायको हात मागे घ्यायला लागली. शेजारच्या मुलीच्या लग्नात हळद लावायला बोलावलं तर ही मागच्या रांगेत जाऊन बसली. दुसऱ्या एकीनं तुळशीचं रोप लावून द्या म्हटलं तर, माझ्या हाताचं नको, वाळून जाईल, म्हणाली. उन्हाळ्यात दरवर्षी ती लोणचं घालते. यंदा मोहरी-मीठ सगळं मोजून ठेवलं आणि कालवायला सावनेरला दिलेल्या आमच्या मुलीला बोलावलं. मुलीनं मला विचारलं, बाबा, आईला काय झालं आहे? मी म्हटलं, आजीचं दुःख आहे अजून. तेही खोटं नव्हतं, म्हणून बोलायला सोपं गेलं. त्या उन्हाळ्यात मी घरोघर ओले हात धरायला सांगत हिंडलो आणि प्रत्येक वेळी माझ्याच अंगावर काटा आला.

दिवाळीनंतर ती तलंग, आता पुरती कोंबडी झालेली, खुडूक बसली. त्याच आडव्या पाडलेल्या कूलरच्या बॉडीत, ज्यात ती वाचली होती. आम्ही जवळ गेलो की अंग फुगवून गुरगुरायची. बायको तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग नऊ अंडी एका भांड्यात काढून ठेवली आणि मला म्हणाली, मागच्या गल्लीतल्या काकूंना बोलावून आणा, त्यांच्या हाताला गुण आहे, त्या ठेवून देतील. येताना इस्त्रीवाल्याकडून कोळशाचा एक तुकडा आणा.

मी निघालो. इस्त्रीवाल्याकडून कोळसा घेतला. काकूंच्या फाटकापर्यंत गेलो. काकू अंगणात गहू निवडत होत्या, त्यांनी वर पाहिलंसुद्धा. काय सांगणार होतो मी त्यांना? माझ्या बायकोच्या हाताला गुण नाही, तुम्ही चला? जे मला पक्कं ठाऊक होतं की खोटं आहे, ते आता मी स्वतःच्या तोंडानं गल्लीत जाऊन सांगणार होतो. मी तसाच परतलो.

ती ओट्यावर बसली होती, भांडं मांडीवर. काकू कुठे आहेत म्हणाली. मी घरात जाऊन अवजारांच्या पेटीतून तो विताएवढा पंखा आणला. वर्षभर तळाशी, वॉशरच्या डबीमागे ठेवला होता. तिच्यासमोर ठेवला.

"पिल्लं यानं मेले," मी म्हणालो. "हा लावला म्हणून त्यायले गार हवा लागत होती. तू म्हणत होती ते खरं होतं. आठवं मेलं त्या दिवशी मले समजलं. म्हणून काढला. तुह्या हाताचं काही नव्हतं."

तिनं पंखा उचलला. बोटानं त्याचं पातं फिरवलं. ते अजून हलकं फिरत होतं.

"त्याच दिवशी समजलं?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो.

"म्हणजे आई नाराज नव्हती," ती म्हणाली.

मला आधी समजलंच नाही. मग ती बोलायला लागली, माझ्याकडे न पाहता, हळूहळू. आईनं ये म्हटलं आणि ती गेली नाही. साड्यांसाठी. फोनवर आई गप्प राहिली होती ते तिच्या कानात होतं. आईनं बसवलेली पिल्लं तिच्या हातात एकेक करून मेली तेव्हा तिची खात्री पटली की आई रागावून गेली, माझं काही तुझ्या हातात राहू देणार नाही असं ठरवून गेली. वर्षभर ती हेच धरून बसली होती. आईच्या फोटोला हार घालतानासुद्धा तिनं मान वर केली नव्हती. हे मी पाहिलं होतं आणि रीत समजलो होतो.

मग ती रडली. वर्षभर थांबलेलं रडणं होतं ते, गळा काढून, तिच्या गावात बाया रडतात तसं, आई वं म्हणत. शेजारचे दारात आले. मी त्यांना हातानं जा म्हणून खुणावलं. जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवायला गेलो तर तिनं खांदा काढून घेतला. मी तिथंच उभा राहिलो. तिच्या हातांबद्दलचा एक संशय मी वर्षभर पोसला, एवढाच माझा गुन्हा आहे असं मी समजत होतो. मी तिची आई तिच्यापासून तोडून ठेवली होती.

बऱ्याच वेळानं ती उठली. नळावर तोंड धुतलं, हात धुतले, पदराला पुसून कोरडे केले. टोपलीत तणस पसरलं.

"कोयसा द्या," ती म्हणाली.

मी कोळसा दिला, खिळा दिला. ते तणसात ठेवून तिनं कूलरमधली कोंबडी उचलून टोपलीत बसवली. तिनं एकेक अंडं उचललं, क्षणभर तळहातात धरलं, ओठ हलले, आणि कोंबडीखाली सोडलं. नऊ. कोंबडीनं एकदाही टोचलं नाही. मी मागे उभा होतो आणि वाट पाहत होतो. सव्वीस वर्षांत प्रत्येक वेळी आलेले ते दोन शब्द आताही येतील असं वाटत होतं. ती उठली, माझ्या बाजूनं गेली आणि स्वयंपाकाला लागली.

एकविसाव्या दिवशी सकाळी तिनं मला हाक मारली. मी धावत गेलो. टोपलीत आठ पिल्लं होती, आणि नववं कवच फोडत होतं. तिनं मला बसायला जागा करून दिली. मी वाकून पाहिलं आणि नकळत हात पुढे केला.

"दुरूनच पाहा," ती म्हणाली.

मी हात मागे घेतला. "जाऊ द्या" ती अजून म्हणालेली नाही.